मानसोपचार कक्षातल्या सिस्टरसाठी आठवड्यातला एक तास

महोदय,

मनोरुग्णालयातल्या परिचारिकांची बातमी होते ती बहुधा दोन प्रसंगी. एखादा रुग्ण पळून जातो तेव्हा, नाहीतर एखादा रुग्ण हात उचलतो तेव्हा. आम्हाला ज्या त्रासाबद्दल लिहायचं आहे त्याचा पंचनामा होत नाही आणि त्यासाठी आजारपणाची रजाही मागता येत नाही. तो त्रास होतो व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या, म्हणजे ज्यांची वागण्याची आणि नाती जोडण्याची रीतच त्यांना आणि इतरांना त्रास देत राहते अशा, रुग्णांची शुश्रूषा करताना. मानसोपचार परिचर्या करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आम्ही काही जणी हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे आणि तिला इमारत, यंत्र, निविदा काही लागत नाही. कक्षातल्या प्रत्येक सिस्टरला, ब्रदरला आठवड्यातून एक तास हवा, ड्युटीच्या वेळेतला. तो कशासाठी, हे नीट सांगायचं तर आधी रुग्णांबद्दल बोलावं लागेल.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णानं शिवी दिली तर सिस्टर ती मनाला लावून घेत नाही. कानात आवाज येताहेत, आजार बोलतोय, असं म्हणून ती औषधाची वाटी पुढे करते. व्यक्तिमत्त्व विकारात आजार एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असं करता येत नाही. रुग्णाचं बोलणं सुसंगत असतं, तारीख-वार माहीत असतो, केस नीट विंचरलेले असतात, युक्तिवाद तर वकिलासारखा असतो. त्यामुळे रुग्णानं जे केलं ते जाणूनबुजून केलं असं वाटतं. आणि जे जाणूनबुजून केलं असं वाटतं, त्याचा राग येतो.

या विकाराचे प्रकार अनेक आहेत. कक्षात सगळ्यात जास्त दमवणारा म्हणजे बॉर्डरलाइन. अमेरिकन निदानपद्धतीत त्याचे नऊ निकष आहेत आणि निदानासाठी त्यातले किमान पाच लागतात. कुणी आपल्याला सोडून जाईल याची जिवापाड भीती, आज देव आणि उद्या राक्षस अशी टोकाची नाती, स्वतःला इजा करणं, तासातासाला पालटणारं मन, आतून सतत पोकळ वाटणं, न आवरणारा राग, हे त्यातले मुख्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात जुने बहुतेक कप्पे काढून टाकले आहेत. आता विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे आधी ठरवायचं, मग स्वभावाचे ठळक पैलू लिहायचे. बॉर्डरलाइनची नोंद मात्र वेगळी करता येते.

शब्दाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मराठीत पूर्वी ‘व्यक्तिमत्त्व विकृती’ म्हणत, आजही काही पाठ्यपुस्तकांत तेच छापलेलं असतं. पण मराठी वाचकासाठी ‘विकृत’ हा शब्द गुन्हेगारीच्या पानावरचा आहे. केसपेपरवर ‘विकृती’ लिहिलेली मुलगी कक्षात पाऊल ठेवते तेव्हा तिच्याबद्दलचा निकाल अर्धा लागलेला असतो. आपल्या वर्तमानपत्रानं तरी ‘विकार’ हाच शब्द वापरावा, ही विनंती.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं सगळ्यांना माहीत असतात. पण व्यक्तिमत्त्व विकाराचे रुग्ण बहुतेक वेळा तिथे नसतात. ते असतात सर्वसाधारण रुग्णालयांच्या मानसोपचार कक्षात, व्यसनमुक्ती कक्षात, आणि त्याआधी रात्री अपघात विभागात किंवा मेडिसिनच्या वॉर्डात, मनगटावर जखमा घेऊन किंवा काहीतरी विषारी प्यायल्यावर. तिथे मानसोपचाराचं शिक्षण झालेली परिचारिका क्वचितच असते. बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम ही परिचर्येची पदविका करताना मानसोपचाराची काही आठवड्यांची पोस्टिंग झालेली असते, तेवढ्या शिदोरीवर सगळं चालतं. एक वर्षाची मानसोपचार परिचर्येची पदविका आहे, पण ती केलेल्यांनाही बदलीत कधी शस्त्रक्रिया विभाग मिळतो, कधी बालरोग विभाग.

आता त्रास नेमका होतो कसा, ते एका उदाहरणावरून सांगतो. उदाहरण रचलेलं आहे, पण मानसोपचार कक्षात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला ते ओळखीचं वाटेल. कक्षात फोन करायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा, प्रत्येकीला दहा मिनिटं. सोमवारी रात्री नऊ वाजता चोवीस वर्षांची रुग्ण काउंटरपाशी येते. “सिस्टर, आईशी दोनच मिनिटं बोलू द्या ना. तुम्हीच एक समजून घेता, बाकीच्या नुसत्या खेकसतात.” रात्रपाळीची सिस्टर नवीन आहे, मुलगी रडते आहे, फोन हाताशी आहे. ती देते. मंगळवारी तीच मागणी संध्याकाळच्या पाळीत होते. तिथली सिस्टर वीस वर्षं नोकरी झालेली. ती वेळ संपल्याचं सांगते. “काल त्या सिस्टरनी दिला होता. तुम्हाला माणुसकीच नाही.” अर्ध्या तासानं बाथरूममधून कक्षातल्या मावशींची हाक येते. मनगटावर ओरखडे, रक्त थोडंसं, पण पसरलेलं.

रात्री आठच्या हँडओव्हरला काउंटरवर दोन सिस्टर समोरासमोर येतात. “तुम्ही लाडावून ठेवलंय तिला.” “तुम्ही जरा नीट बोलला असता तर एवढं झालंच नसतं.” सकाळच्या राउंडला रुग्ण डॉक्टरांपुढे रडते आणि डॉक्टर सगळ्यांसमोर विचारतात, एक फोन द्यायला काय हरकत होती? चौथ्या दिवशी कक्षात दोन तट पडतात. चहाही वेगवेगळा घेतला जातो.

इथे सगळ्यांना वाटतं की त्या मुलीनं भांडण लावलं. तिनं असं काही ठरवलेलं नसतं. जिला लहानपणी ज्याच्याकडून माया मिळाली त्याच्याकडूनच मारही मिळाला, तिच्या मनात माणसाला ‘बरा, पण कधी कधी चिडणारा’ अशी मधली जागा तयार होत नाही. सगळ्यांचं बालपण असंच असतं असं नाही, जन्मजात हळवेपणाही असतो, पण मधली जागा नसते हे खरं. मग चांगलं सगळं एका माणसात ठेवलं जातं आणि वाईट सगळं दुसऱ्यात. शिकवताना याला स्प्लिटिंग म्हणतात. पुस्तकात ते दोन ओळींत संपतं. कक्षात त्याचा पुढचा भाग दिसतो: जिला देवी केलं ती खरोखरच तारणहारासारखी वागायला लागते, आणि जिला राक्षसीण केलं ती खरोखरच तुटक आणि कडक होत जाते. मुलीच्या आत चाललेलं भांडण बाहेर दोन परिचारिका भांडू लागतात. नियम चुकीचा नव्हता आणि फोन देणंही पाप नव्हतं. एका प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली, इतकंच झालं होतं.

या दोन्ही सिस्टरचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

जिला देवी केलं तिचा त्रास गोड लागतो, म्हणून उशिरा कळतो. ती ड्युटी संपल्यावर अर्धा तास थांबायला लागते. सुट्टीच्या दिवशी कक्षात फोन करून चौकशी करते. “फक्त तुम्हालाच सांगते, डॉक्टरांना सांगू नका” अशी एखादी गोष्ट ती आपल्यापाशी ठेवते, आणि इथून तिचा पाय अडकतो. मग डिस्चार्जच्या वेळी स्वतःचा मोबाइल नंबर देते. पहिले काही दिवस मेसेज ‘जेवलात का’ असे असतात. मग रात्री दोन वाजता यायला लागतात. एक दिवस सिस्टर फोन उचलत नाही, आणि सकाळी स्क्रीनवर वाक्य असतं: ‘तुम्हीसुद्धा.’ त्या एका शब्दानं झोप जाते. घरी नवरा विचारतो काय झालं, तर सांगता येत नाही, रुग्णाची गोपनीयता असते. इन्चार्ज सिस्टरला सांगता येत नाही, नंबर दिल्याचा ठपका बसेल. आमच्या विद्यार्थिनींना आम्ही पहिल्याच आठवड्यात सांगतो: ‘तुम्हीच एक चांगल्या’ हे वाक्य कानावर पडलं की त्याच पाळीत ते दुसऱ्या सिस्टरला सांगा. लपवलं की तुम्ही एकट्या पडता.

जिला राक्षसीण केलं तिचं वेगळं असतं. ती चिडत नाही, थंड होते. गोळ्या देताना नजर वर करत नाही. राउंड घेते, पण पलंगाशी थांबत नाही. रजिस्टर भरण्यात तिचा वेळ जास्त जायला लागतो. केसपेपरवर ‘मॅनिप्युलेटिव्ह’, ‘अटेन्शन सीकिंग’ असे शब्द येतात, बोलण्यात ‘नाटकं’ हा शब्द येतो. कामाच्या थकव्यावर ख्रिस्तिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये जी मोजपट्टी तयार केली तिच्यात तीन गोष्टी मोजतात: मनाचं रितं होणं, समोरच्याला माणूस न मानता केस मानणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही असं वाटणं. दुसरी गोष्ट सुरू झाली की लोक सिस्टरला निर्दय म्हणतात. खरं तर ते तिच्या मनानं स्वतःवर घातलेलं बँडेज असतं. पण ते रुग्णाला बाधतं, म्हणून त्याला तसंच राहू देता येत नाही.

कॅनडातल्या संशोधकांनी १९८९ मध्ये एक साधा प्रयोग केला होता. परिचारिकांना रुग्णांची काल्पनिक वाक्यं दिली आणि तुम्ही काय उत्तर द्याल ते लिहायला सांगितलं. रुग्णाचं निदान स्किझोफ्रेनिया असेल तेव्हा उत्तरात माया जास्त होती. बॉर्डरलाइन असेल तेव्हा उत्तर खोडून काढणारं किंवा कमी लेखणारं यायचं. त्या परिचारिका वाईट नव्हत्या. निदानाचा शिक्का वाचताच मन आधीच दार लावून घेतं, एवढं त्यातून दिसतं.

त्याहून जुनी गोष्ट ब्रिटनमधली आहे. कॅसल हॉस्पिटलचे मनोविकारतज्ज्ञ टॉम मेन यांनी आपल्या परिचारिकांना एकत्र बसवून अवघड रुग्णांबद्दल मोकळेपणानं बोलायला लावलं आणि त्यातून निघालेलं १९५७ मध्ये छापलं. गुंगीचं औषध नेमकं कधी दिलं जातं, असा प्रश्न त्या गटात निघाला. बोलता बोलता परिचारिकांनीच कबूल केलं की रुग्णाची गरज कितीही असो, औषध दिलं जातं ते सिस्टरची सहनशक्ती संपते त्या क्षणी. आपल्याकडे रात्री दीड वाजता एसओएस (गरज पडली तर द्यायचं) म्हणून लिहून ठेवलेलं लोराझेपाम या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन जेव्हा भरलं जातं, तेव्हाही हाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. हे औषध काही रुग्णांमध्ये मनाचा उरलासुरला लगाम सोडवतं आणि पुढच्या तासात गोंधळ वाढतो, हेही माहीत हवं. ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बॉर्डरलाइन विकारासाठी म्हणून कुठलंच औषध देऊ नये, आणि संकटकाळात गुंगीचं दिलंच तर एका आठवड्यापलीकडे नेऊ नये.

हा सगळा त्रास रुग्णामुळे होतो असं वाचकांना वाटेल. अर्धाच. उरलेला अर्धा रुग्णालयाच्या कार्यालयातून येतो, आणि त्याला मेमो म्हणतात.

रुग्णानं स्वतःला इजा केली की चौकशी सुरू होते. पहिला प्रश्न: ब्लेड आलं कुठून? ड्युटीवर कोण होतं? खुलासा चोवीस तासांत लेखी द्या. नव्वद टक्के लक्ष वस्तूवर, दहा टक्के माणसावर. (हा आकडा मोजलेला नाही, म्हणण्याचा अर्थ कळावा.) एकदा मेमो मिळाला की ती सिस्टर पुढच्या पाळीत काय करेल? झडती घेईल. ओढणी काढून घेईल, बांगड्या काढून घेईल, बाथरूमचं दार अर्धं उघडं ठेवायला लावेल. आपल्यावर विश्वास नाही हे रुग्णाला कळतं, आणि जिला सोडून दिलं जाण्याची, लाज काढली जाण्याची सगळ्यात जास्त भीती, तिच्यावर तेच ओढवतं. ताण वाढतो. ताण सोसण्याचा तिला माहीत असलेला एकच मार्ग म्हणजे इजा. ब्लेड नसेल तर ती नख वापरते, भिंत वापरते. मग दुसरा मेमो. हे चक्र फिरत असताना सिस्टरला रुग्णाचा राग येतो, कारण तिच्या नोकरीवर टाच रुग्णामुळे आली असं तिला वाटतं. कंत्राटी सिस्टरची तर दर करारनाम्याला छाती धडधडते.

सावधगिरी नको असं आम्ही म्हणत नाही. धारदार वस्तू, दोऱ्या, काच यांची तपासणी दर पाळीला व्हायलाच हवी, आणि जीव जाण्याचा धोका या रुग्णांत खरा आहे. अपघात विभागात ‘नाटक’ समजून हसण्यावारी नेलेलं प्रकरण जिवावर बेतू शकतं, कारण काही विषांमध्ये रुग्ण पहिले एक-दोन दिवस चालतो-बोलतो आणि यकृत निकामी होत असल्याचं नंतर कळतं. म्हणून पाचव्यांदा आलेल्या रुग्णाच्याही तपासण्या पहिल्यांदा आल्यासारख्याच करायच्या. आमचं म्हणणं एवढंच आहे की चौकशी शिकण्यासाठी व्हावी, दोषी शोधण्यासाठी नको.

बांधून ठेवण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ नुसार रुग्णाला एकटं कोंडता येत नाही. शारीरिक निर्बंध फक्त तातडीची आणि गंभीर इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीनं, गरजेपुरत्याच वेळासाठी. पद्धत, कारण आणि कालावधी नोंदवायचा, नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून निर्बंध नाहीत, आणि कर्मचारी कमी आहेत हेही कारण चालत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. ही तरतूद योग्यच आहे. पण तीस-चाळीस रुग्णांमागे रात्री एक सिस्टर आणि एक मावशी असतील तर त्या तरतुदीचं सगळं ओझं कुणाच्या खांद्यावर येतं, हेही लिहायला हवं. हल्ला झाला तर राज्याचा २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. ‘सिस्टर, तुमच्यामुळे मी हात कापला’ या वाक्यापासून संरक्षण देणारा कायदा नाही, असूही शकत नाही. तिथे माणसंच लागतात.

मग काय करता येतं? पुष्कळ काही, आणि बरंचसं कागद-पेनानं.

पहिलं म्हणजे एका पानाचा शुश्रूषा आराखडा. दाखल झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत, रुग्णाला समोर बसवून, तिच्याच शब्दांत लिहिलेला. ताण वाढायला लागला की सगळ्यात आधी काय होतं? (‘मी बोलणं बंद करते, पाय हलवत बसते.’) तेव्हा काय केलं तर बरं वाटतं? काय केलं तर आणखी बिघडतं? फोन, भेटी, बाहेर जाणं यांचे नियम कोणते? शेवटी रुग्णाची, डॉक्टरांची आणि इन्चार्ज सिस्टरची सही. तिन्ही पाळ्यांचं उत्तर त्या पानावर. पान बदलायचं असेल तर ते दिवसाच्या बैठकीत बदलायचं, रात्री नऊ वाजता काउंटरवर नाही. वरच्या उदाहरणातली नवीन सिस्टर मग असं म्हणू शकते: “आत्ता बोलायची किती ओढ लागलीय ते दिसतंय मला. फोन उद्या पाचला. तोवर मी दहा मिनिटं इथे बसते.” आधी भावना मान्य करायची, मग मर्यादा सांगायची, मग काय मिळू शकतं ते सांगायचं. क्रम उलटा झाला की बिनसतं. मर्यादा आधी सांगितली तर पुढचं काही ऐकूच जात नाही.

दुसरं, ठरलेला वेळ. दर पाळीला पंधरा मिनिटं, नेमून दिलेल्या सिस्टरनं, रुग्ण शांत असली तरी द्यायची. शांत असली तर मुद्दाम द्यायची. कक्षात नकळत असं होतं की जी गप्प पडून आहे तिच्याकडे कुणी फिरकत नाही आणि जी हात कापते तिच्याभोवती पाच जण धावतात. म्हणजे इजा केल्याशिवाय माणूस मिळत नाही, हे आपणच शिकवतो. इजा झाल्यावर जखमेची काळजी पूर्ण घ्यायची: सलाइननं धुवायची, खोली पाहायची, बोटं हलतात का आणि संवेदना आहे का ते तपासायचं, धनुर्वाताची लस पाहायची, टाके लागले तर भूल देऊनच. आवाज एकसारखा. ओरडायचं नाही आणि कवटाळायचंही नाही. ‘आता भूल नको, परत करणार नाही मग’ हे वाक्य आजही कुठे कुठे ऐकू येतं. ती शिक्षा आहे, उपचार नाही, आणि ती देणाऱ्या हातालाही नंतर त्रास होतो.

दाखल ठेवायचा काळ थोडका असावा आणि पहिल्या दिवशीच सांगावा. डिस्चार्ज अचानक केला की त्याच्या आदल्या रात्री काय घडतं ते मानसोपचार कक्षातली कुठलीही मावशीसुद्धा सांगेल.

आता तो तास. याला क्लिनिकल सुपरव्हिजन म्हणतात, पण सुपरव्हिजन म्हटलं की आपल्याकडे तपासणीला आलेल्या मेट्रन डोळ्यांपुढे येतात, म्हणून आम्ही त्याला चिंतन-बैठक म्हणतो. सहा ते दहा जण. मावशी आणि मामा (वॉर्डबॉय) यांच्यासकट, कारण रात्रीचे सगळ्यात अवघड क्षण त्यांच्याच वाट्याला येतात. ठरलेला वार, ठरलेली वेळ. दुपारी दोनची पाळीबदल सोयीची पडते, पण मग दोन्ही पाळ्यांचा तो तास कामात धरायला हवा आणि कक्ष सांभाळायला दुसऱ्या कक्षातून माणूस यायला हवा. चालवणारी व्यक्ती कक्षाबाहेरची: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचार समाजसेवक किंवा दुसऱ्या विभागातली अनुभवी परिचारिका. जी व्यक्ती कर्मचाऱ्यांचा गोपनीय अहवाल लिहिते ती या बैठकीत नको. ही अट सगळ्यात जास्त वेळा मोडली जाते, आणि मोडली की दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्या जणी ‘सगळं ठीक आहे’ एवढंच बोलतात.

एका बैठकीत एकच रुग्ण. पहिली दहा मिनिटं हकिगत. मग निदान बाजूला ठेवून प्रत्येकीनं सांगायचं की या रुग्णासोबत तिला स्वतःला काय वाटतं. एक म्हणते कीव येते, दुसरी म्हणते तिचा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो, तिसरी म्हणते मला ती माझ्या धाकट्या बहिणीसारखी वाटते, चौथी म्हणते मला काहीच वाटत नाही. ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की रुग्णाच्या आत काय चाललंय याचा नकाशा दिसायला लागतो, आणि आपला राग हे आपलं पाप नसून ती माहिती आहे, हे सिस्टरला कळतं. शेवटची पंधरा मिनिटं: आराखड्यात काय बदलायचं? नावं बाहेर जात नाहीत, इतिवृत्तात फक्त आराखड्यातला बदल लिहिला जातो. जिथे ही बैठक तक्रारींचा अड्डा होते तिथे बहुधा शेवटची पंधरा मिनिटं गाळलेली असतात. जिथे ती भाषण होते तिथे मधली.

वर्षातून एकदा होणारी ताणमुक्तीची कार्यशाळा, योगाचं सत्र, मे महिन्यातल्या परिचारिका दिनाचा गुलाब याला आमचा विरोध नाही. पण सोमवारचा राग मे महिन्यापर्यंत जपून ठेवता येत नाही.

हे फार महागडं आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये संशोधक लेन बॉवर्स यांच्या गटानं पंधरा रुग्णालयांतल्या एकतीस कक्षांवर दहा साध्या उपायांचा संच वापरून पाहिला आणि निष्कर्ष २०१५ मध्ये छापले. भांडणं, इजा, आदळआपट अशा घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि झडती, बांधणं, जबरदस्तीचं औषध असे उपाय सुमारे २६ टक्क्यांनी. त्यातला एक उपाय म्हणजे हँडओव्हर देताना प्रत्येक रुग्णाबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगायची. दुसरा म्हणजे घरी जाणाऱ्या रुग्णानं मागे राहणाऱ्यांसाठी चार ओळी लिहून फलकावर लावायच्या.

हा फलक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, आणि रुग्णांइतकाच सिस्टरसाठी. परिचारिकेला या विकाराची जी निराशा येते तिच्या मुळाशी एक फसगत आहे. कक्षात पुन्हा पुन्हा येते ती बरी न झालेली. बरी झालेली परत येतच नाही. ती कुठेतरी नोकरी करत असते, भाजी घेत असते. त्यामुळे वीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरला शपथेवर वाटतं की ‘या सुधारत नाहीत’. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात दाखल झालेल्या बॉर्डरलाइन रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले: ९३ टक्के रुग्ण किमान सलग दोन वर्षं निदानाच्या निकषांबाहेर राहिले. नोकरी आणि नातीगोती धरून पूर्ण बरं होणं निम्म्यांनाच जमलं, तेही सांगायला हवं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही बोलण्यातून शिकवायची उपचारपद्धती १९९१ पासून अभ्यासली गेली आहे, आणि तिच्या रचनेतच उपचार करणाऱ्यांची साप्ताहिक बैठक हा उपचाराचा एक भाग आहे. रुग्णाला सांभाळणाऱ्यांना कुणीतरी सांभाळल्याशिवाय हा उपचार पुरा होत नाही, असं तिथे गृहीतच धरलं आहे.

एखाद्या रुग्णाचा आत्महत्येनं मृत्यू झाला तर काय करायचं, याची लेखी पद्धतही हवी. त्या पाळीतल्या सिस्टरला त्याच दिवशी घरी सोडायला कुणीतरी सोबत, बहात्तर तासांत खुलाशाची नोटीस न बजावता आधी एक भेट, पुढच्या दोन आठवड्यांत रात्रपाळी एकटीला नाही, आणि ती मागेल तर समुपदेशन रुग्णालयाबाहेरच्या व्यक्तीकडून. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रुग्णांसाठी जसा आहे तसाच परिचारिकांसाठीही आहे. तो काउंटरवर रुग्णांच्या बाजूनं चिकटवलेला असतो, आतल्या बाजूनंही चिकटवावा.

सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग यांनी मिळून एक परिपत्रक काढलं तरी यातलं बरंच जमेल. ड्युटी रजिस्टरमध्ये सकाळ, दुपार, रात्र यांच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना आखायचा, त्यात प्रत्येकीच्या नावापुढे वार आणि वेळ लिहायची, आणि त्या तासाला कक्ष कोण सांभाळणार तिचं नावही. नाव लिहिलेलं नसेल तर तो तास होत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

आपल्या,
मानसोपचार परिचर्या करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या काही परिचारिका, पुणे